अर्ध्या नवसाचं घर

आमच्या घरात ‘बरा आहे’ असं म्हणायची चोरी होती. ताप उतरला, खोकला गेला, मोडलेला हात जुळला, तरी कुणी विचारलं तर ‘हाय असंच’ म्हणायचं आणि पुढं व्हायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरात अशी पद्धत असते. लग्न होऊन आष्ट्याला आले, पहिल्यांदा आजारी पडले आणि सासूनं विचारलं, ‘‘बरं वाटतंय का गं आता?’’ तर मी चक्क दाराकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. सासूला वाटलं, पोर वेडसर आहे. वेडसर नव्हते. हरणाकाकूच्या हाताखाली वाढले होते, एवढंच.

हरणाबाई ही माझी थोरली चुलती. माझे वडील नानासो धाकटे. त्यांचा थोरला भाऊ बिराप्पा, त्याची ही बायको. विट्याच्या पूर्वेला, पाऊस वाट चुकल्यासारखा कधीमधी येतो त्या बाजूला, आमची धनगरांची वाडी. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, आष्ट्याकडच्या शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, त्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि पावसाच्या तोंडाला घरी परतायचं. मी सांगतेय ते माझ्या जन्माआधीचं आहे. थोडं आईवडिलांनी सांगितलं आणि बरंचसं खुद्द काकूनं, माझ्या केसांत तेल जिरवता जिरवता.

काकूला एकच लेकरू, मनू. दिसायला देखणी, टपोऱ्या डोळ्यांची. पण ते डोळे माणसावर कधी ठरायचे नाहीत. वेळेवर चालायला लागली, बोलायला मात्र लागलीच नाही. भांडं पडलं की कान दाबून किंचाळायची. पितळेचं झाकण जमिनीवर गरगर फिरवत सकाळची संध्याकाळ करायची आणि ते कुणी उचललं की भिंतीवर डोकं आपटायची. दार उघडं दिसलं की चालत सुटायची. पुढं विहीर आहे का काटे आहेत, तिला फरक नव्हता. आज अशा मुलांसाठी शाळा आहेत, आईबापांना जवळ बसवून चार गोष्टी समजावणारी माणसं आहेत. तेव्हा वाडीला एकच शब्द येत होता, ‘खुळी’. मिरजेच्या एका डॉक्टरानं कान तपासले, घसा तपासला, पोरगी धडधाकट आहे म्हणाला आणि घरी न्यायला सांगितलं. काकू म्हणायची, ‘‘घरनंच तर आनली व्हती की!’’

रानात जाताना काकू मनूला लोकरीच्या दोरीनं घराच्या मेढीला, म्हणजे मधल्या खांबाला, बांधायची. परत येऊन आधी दोरी सोडायची, मग पाणी प्यायची. पोरीच्या घोट्याला घट्टा पडला होता. काकूला माहेर नाही, जत्रा नाही, शेजारणीच्या दारात दोन घटका बसणं नाही. बांधलं कुणाला होतं, पोरीला की आईला, हे सांगणं अवघड होतं.

आणि मनूचे केस. तिच्या डोक्याला फणी लावणं म्हणजे सगळी वाडी दारात गोळा करणं. फणी दिसली की पोरगी अशी ओरडायची, जणू कुणी सुरी काढलीय. शेवटी आजीच, म्हणजे काकूची सासू सुलाबाई, म्हणायची, ‘‘ऱ्हाऊं दे गं, नगं छळू लेकराला.’’ राहू दिलं. न विंचरलेल्या केसांचं जे होतं तेच झालं. मानेपाशी गुंता झाला, गुंत्याचा गठ्ठा झाला आणि एक दिवस शेजारच्या म्हातारीनं त्याला हात लावून तो कपाळाला लावला. म्हणाली, ‘‘सुले, जट आलीया पोरीला. आई आली तुज्या घरात.’’

आमच्या भागात पोरीच्या डोक्यात जट आली की ते देवीचं बोलावणं. मग ती जट कापायची नाही, सोडवायची नाही. मंगळवारी, शुक्रवारी तिला हळदकुंकू लावायचं आणि पोरगी वयात यायच्या आत तिला देवीला सोडायची. सोडायची म्हणजे गळ्यात माळ बांधून जोगतीण करायची आणि हातात परडी देऊन जन्मभर दारोदार फिरायला धाडायची. त्यापुढं त्या पोरींचं काय काय व्हायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलायचं नाही. सरकारनं याला बंदी घातली होती म्हणे. ती बंदी आमच्या वाडीपर्यंत चालत आली नव्हती. जट देवीनं घातली नव्हती, फणीच्या भीतीनं घातली होती. एवढी साधी गोष्ट अख्ख्या वाडीत एकालाही सुचू नये, याचा मला अजून संताप येतो.

बेचाळीस साली पाऊस रुसला, मेंढरं निम्म्यावर आली आणि बिराप्पाकाका पलटणीत भरती झाला, खेचरं सांभाळायला. निघायच्या दिवशी आजी देवळीतल्या देवीपुढं उभी राहिली. एक हात मनूच्या जटेवर ठेवला आणि घरादारासमोर बोलली, ‘‘आई, माजा बिरू जसा ग्येला तसाच माघारी येऊं दे. ही पोर तुज्या पदरात घालते.’’

आजीला मी वाईट म्हणणार नाही. तिचं म्हणणं ती उघड सांगायची, ‘‘हरणे, आपुन काय जलमाला पुरनार हाय का? हिला नवरा कोन करनार? देवीची झाली तर दोन घास तरी मागून खाईल.’’ तिला नातीची काळजी होती आणि लेकाचीही होती. तिनं दोन काळज्यांची एकच गाठ मारली आणि ती गाठ काकूच्या गळ्यात आली.

कारण त्या दिवसापासून काकूला देवापुढं हात जोडायची सोय उरली नाही. नवरा सुखरूप यावा असं मागितलं तर पोरगी जाणार. पोरगी राहावी असं मागितलं तर नवऱ्याचं काय मागितलं? ‘‘म्या निसतं डोळं मिटायची,’’ काकू सांगायची. ‘‘काय बी न मागता.’’

त्या वर्षी मेंढरांबरोबर काकू मनूलाही घेऊन आष्ट्याकडं उतरली. बरोबर नानासो, म्हणजे माझे वडील. एका संध्याकाळी मेंढरं रानात बसवून जाळी लावली आणि बघतात तो मनू नाही. विहिरीत वाकून बघितलं, ओढ्याला जाऊन आले. शेवटी सापडली ती मेंढरांच्या मधोमध. चहूबाजूंनी मेंढरं तिला दाबून बसली होती आणि पोरगी मान टाकून, डोळे अर्धे मिटून, घशातल्या घशात गुणगुणत होती. इतकी शांत काकूनं तिला जन्मात बघितली नव्हती.

काकू मेंढरं कातरणाऱ्यांच्या घरातली. घाबरलेलं मेंढरू लोकर कातरायला कसं धरायचं, हे तिच्या हातांना माहीत होतं. सैल धरलं की ते तडफडतं; गुडघ्यात घट्ट, सगळ्या अंगानं धरलं की निवतं. दुसऱ्या दिवशी तिनं मनूला घोंगडीत गच्च गुंडाळलं, गुडघ्यात धरलं आणि फणी न घेता नुसती तेलाची बोटं केसांच्या टोकाला लावली. मनू ताठली, पण ओरडली नाही. मग रोज तेच. आधी घोंगडी, मग ठरलेली एकच ओवी, मग तेल. ओवी संपली की हातही थांबायचा, मग एकच बट सुटलेली असली तरी. आता काय होणार आणि ते कधी संपणार, हे पोरीला कळायला लागलं. पुढं पुढं तर काकूनं घोंगडी काढली की मनू आपणहून येऊन पाठ करून बसायची.

असे उन्हाळ्यापर्यंत जटेचे निम्मे केस मोकळे झाले. खालून सोडवलेले, वरच्या गुंत्याखाली झाकलेले. काकूच्या मनात पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं. ‘‘निसती बोटं ऐकत न्हवती,’’ म्हणायची. नवस मोडतेय, नवऱ्याच्या जिवावर उठतेय, हे रोज मनात यायचं आणि बोटं तशीच चालायची.

पावसाच्या तोंडाला घरी परतले. पहिल्याच शुक्रवारी आजीनं हळदकुंकू लावायला जटेला हात घातला, खालचे मोकळे केस बोटांना लागले आणि हात तिथंच राहिला. त्याच आठवड्यात पाटलानं नानासोला बोलावून सांगितलं, ब्रह्मदेशाच्या बाजूला लढाई झाली, बिराप्पाचा पत्ता लागत नाही.

वाडीनं दोन गोष्टी जोडायला वेळ लावला नाही. आजी ओरडली असती, केस धरून मारलं असतं, तर काकूला बरं वाटलं असतं. आजी तिच्या पुढ्यात खाली बसली. सुनेच्या पायाला हात लावला. ‘‘हरणे, माजं पोरगं मला दे,’’ म्हणाली.

काकूनं वडाचा चीक आणला. हळद घेतली. मनूला घोंगडीत गुंडाळलं, गुडघ्यात धरलं, तीच ओवी म्हटली आणि सोडवलेले केस बटेला बट चिकटवून परत वळले. पोर पाठ करून गप बसली होती. तिला वाटत होतं, रोजचंच आहे. जी युक्ती पोरीला सोडवायला सापडली, तीच तिला बांधायला वापरली. मी विचारलं होतं, ‘‘काकू, तुला खरंच वाटलं का गं, जटेनं काका वाचेल?’’ ती म्हणाली, ‘‘वाटायचा काय सवाल? ती म्हातारी माज्या पायाशी बसली व्हती.’’

शेहेचाळीस साली बिराप्पाकाका परत आला. पत्ता लागला होता एका लष्करी दवाखान्यात, तिथून मिरजेला गाडीनं. नानासो आणायला गेले. अंगावर एक जखम नव्हती. पण हा माणूस कुणाकडं बघत नव्हता, बोलत नव्हता. कुणी मागून आलं की भिंतीला चिकटायचा. घरात निजेना, मेंढरांच्या वाड्यात जाऊन बसायचा. आजी त्याला हातानं भरवायची आणि रोज दारात बसून रडायची, ‘‘ह्यो माजा बिरू न्हवं गं. माजा बिरू कुटं ठिवला आई तू?’’ काकू चूल फुंकत ऐकायची.

माघ आला. काका असा, म्हणून त्या वर्षी मेंढरं कृष्णाकाठाला उतरलीच नव्हती. माघी पौर्णिमेला जोगतिणी देवीचा जग, म्हणजे तिचा मुखवटा बसवलेली टोपली, डोक्यावर घेऊन निघतात. आमच्या दारात आली ती मल्लव्वा, जतकडची, कानडी ढंगाचं बोलणारी, उंच, कपाळभर भंडारा. बरोबर चौंडकं वाजवणारा माणूस. वाडी जमली. आजीनं मनूसाठी हिरवं लुगडं आणलं होतं, विट्याच्या बाजारातनं. घरातल्या मेढीला त्या दिवशी दोरी नव्हती, कारण पोरगी आता जाणारच होती.

चौंडकं वाजलं आणि मनू कान दाबून पळाली. तिच्या पाठोपाठ बिराप्पाकाका पळाला. दोघंही मेंढरांच्या वाड्यात घुसली. लोक बघतात तो बाप आणि लेक मेंढरांत शेजारी शेजारी, दोघांचे हात कानांवर, दोघांच्या माना गुडघ्यांत. कुणीतरी हसलं.

काकू सासूपुढं कधी मान वर करून बोललेली नव्हती. ती पदर खोचून अंगणात आली.

‘‘आत्ती, नवस काय बोलला व्हता? जगासमोर पुना सांगा.’’

आजी गोंधळली. पण देवीपुढं खोटं कसं बोलणार? तिनं सांगितलं. बिरू जसा गेला तसाच माघारी येऊ दे.

‘‘जसा ग्येला तसा?’’ काकूनं वाड्याकडं हात केला. ‘‘ह्यो ग्येला तवा असा ग्येलता व्हय? तुमी रोज दारात बसून काय म्हनता? माजा बिरू न्हवं म्हनता. मग आला कोन? ज्यो आलाच न्हाई त्येच्यासाटी माजी पोर कशी घ्याल?’’

आजी मल्लव्वाकडं बघायला लागली. मल्लव्वानं चौंडकंवाल्याला थांबायची खूण केली आणि वाड्यातल्या त्या दोघांकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, ‘‘बाई खरं बोलतीया. अर्ध्या नवसाचं आई घेत न्हाई. पोरगा पुरा आला की सांगा. मी येतो माघारी.’’

जग उचलताना ती काकूच्या कानाशी वाकली. ‘‘मला दिली तवा माज्या आईनं काय बी इचारलं न्हाई,’’ म्हणाली आणि निघून गेली.

काकू त्या दिवशी जिंकली असं मला लहानपणी वाटायचं. मी टाळ्या पिटायची. काकू म्हणायची, ‘‘गप गं. तुला काय कळतंय?’’ मोठी झाल्यावर कळलं. तिनं पोरगी वाचवली ती नवरा आजारी आहे तोवर. आता तिनंच त्याला खायला घालायचं, तिनंच त्याला सांभाळायचं आणि तो बरा व्हायला लागला की तिनंच भ्यायचं.

आणि तो बरा व्हायला लागला. पुढच्या दिवाळीनंतर काकूनं त्याला मेंढरांबरोबर नेलं. मनूला जे लागत होतं तेच त्याला दिलं. दुसरं काही तिला येतच नव्हतं. मोठा आवाज करायचा नाही. मागून जायचं नाही. काय करणार ते आधी सांगायचं, आणि सांगितलं तेच करायचं. थरथर सुटली की घोंगडीत गच्च गुंडाळून पाठीवर सगळा भार टाकून बसायचं. आष्ट्याच्या शेतकऱ्यानं एकदा ते बघितलं आणि तोंड फिरवलं. काकूनं लाज सोडली होती.

एका सकाळी मनूनं नुकतं जन्मलेलं कोकरू उचललं आणि पडून राहिलेल्या बापाच्या पोटावर आणून ठेवलं. कोकरू मुतलं. बिराप्पाकाका हसला. मोठ्यानं, पूर्वीसारखा, मान मागं टाकून. काकू भाकरी थापत होती. ती उठली, धावली आणि पिठाचा हात त्याच्या तोंडावर दाबला.

‘‘हळू! कुनी ऐकंल!’’

मग तिथंच मातीत बसून तिनं त्याला सगळं सांगितलं. नवस, जट, वडाचा चीक, मल्लव्वा. तो ऐकत होता. मनू झाकण फिरवत होती. त्यानं लेकीच्या मानेवरचा तो गठ्ठा हातात घेऊन बघितला. मग म्हणाला, ‘‘मग म्या अजून आलोच न्हाई. आयला तसंच सांग.’’

म्हणजे आता घरात तिघं बांधलेली झाली. आष्ट्याच्या रानात बिराप्पाकाका मेंढरांना हाका मारायचा, गजी नाचाची गाणी म्हणायचा, नानासोशी भांडायचासुद्धा. पावसाच्या तोंडाला परतीची वाट लागली आणि वाडीचा माळ दिसला की त्याचे खांदे पडायचे, नजर विझायची. सोंग म्हणावं तर घरात सहा-सहा महिने ते करायचं आणि ते करता करता खरं कुठलं हे त्यालाही कळेनासं व्हायचं. आजी भरवायची, तो नुसता जबडा हलवायचा. आजी त्याच्या तोंडावरनं हात फिरवून म्हणायची, ‘‘कवा येशील रं बिरू?’’ दर पावसाळ्यात मल्लव्वा जोगवा मागत दाराशी यायची आणि विचारायची, ‘‘आला का पोरगा?’’ आजी मान हलवायची. काकू आत चुलीपाशी श्वास धरून उभी असायची. घरात कुणाच्याही तोंडून ‘बरा’ हा शब्द निघाला की ती डोळे वटारायची. आमच्या घराला ती सवय तिथून लागली.

मला सगळ्यात कशाचं वाईट वाटतं सांगू? काकूचं नाही, काकाचंही नाही. म्हातारीचं. तिचा लेक तिच्या हातातला घास खात होता आणि ती त्याची वाट बघत होती.

एकोणपन्नास साली पाऊसकाळात आजीनं अंथरूण धरलं. चार दिवस अन्न घेतलं नाही. दुपारची वेळ होती. सगळे भोवती होते. मनू उंबऱ्यात झाकण फिरवत होती. आजीनं डोळे उघडले आणि थोरल्या लेकाचा हात चाचपला.

‘‘बिरू, आलास काय रं?’’

काकू सांगायची, तेव्हा तिला ओरडावंसं वाटलं, बोला, एकदा बोला, होऊ दे काय व्हायचं ते. पण खोलीत भावकी होती, वाडी होती, आणि पोर उंबऱ्यात बसली होती. बिराप्पाकाकानं आईकडं बघितलं, मग मनूकडं बघितलं आणि जबडा घट्ट मिटून घेतला. आजीनं थोडा वेळ वाट बघितली. हात तसाच त्याच्या हातात ठेवून ती गेली.

काही जण म्हणतात, म्हातारीला सगळं ठाऊक होतं आणि तीही सोंगच करत होती. असं म्हटलं की ऐकणाऱ्याला हलकं वाटतं. मला नाही तसं वाटत. ठाऊक असतं तर तिनं तसं विचारलं नसतं.

दहाव्याला घरातल्या पुरुषांचे केस उतरले. बिराप्पाकाका तुळतुळीत डोक्यानं ओढ्यावरनं घरी आला, आढ्याला खोचलेली लोकर कातरायची कातर काढली आणि घोंगडी घेऊन अंगणात बसला. मनूनं घोंगडी बघितली आणि आपणहून त्याच्याकडं पाठ करून बसली. त्यानं तिला गुडघ्यात घट्ट धरलं. काकूनं ओवी म्हटली. ओवी संपायच्या आत जट खाली पडली. भावकीतले एक-दोघं पुटपुटले, नवस राहिलाय म्हणून. नानासोनं त्यांना सांगितलं, ‘‘बोलनारीच ग्येली. आता कोन कुनाचं देनं लागतंय?’’ मनू कितीतरी वेळ हलक्या झालेल्या मानेवर हात फिरवत राहिली.

काकूनं ओटा सारवायला घेतला. नवऱ्याच्या बाजूनं जाताना ती थांबली. इतक्या वर्षांत तिनं घरात न उच्चारलेला शब्द उच्चारला.

‘‘आता बरं हाय म्हनलासा तरी चालंल.’’

तो कातरीला चिकटलेले केस काढत होता.

‘‘आता कुनाला म्हनू?’’ म्हणाला, आणि मेंढरं सोडायला उठला.